बडबड्या पिक्सेलची यादी

सत्तेचाळीस नंबरचं मॉड्यूल मंगळवारी सकाळी परत आलं. चौदा महिने काम करून ते तपासणीसाठी आलं होतं आणि तपासणी हे माझंच काम. मी हातमोजे घातले, खोकं उघडलं आणि नोंदवहीत तारीख घातली, ८ ऑक्टोबर २०४१. त्यानंतरच्या दोन दिवसांत जे झालं ते जसं झालं तसं लिहिते आहे. रडूनबिडून लिहीत नाहीये. रडू आलंच नाही, त्याला मी तरी काय करू?

मी केतकी बाबर. पुण्यात पाषाणला एका प्रयोगशाळेत बारा वर्षं सिलिकॉनचे संवेदक तपासते. काय करतेस असं नातेवाइकांनी विचारलं की मी ‘कॅमेऱ्याचं काम’ म्हणते. ते लोक मग लग्नाचे फोटो काढशील का विचारतात आणि विषय संपतो.

तसा तो कॅमेराच आहे, फक्त उजेडाचा नाही, कणांचा. पोस्टाच्या तिकिटाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर पाचशे बारा रकाने आणि पाचशे बारा ओळी, म्हणजे अडीच लाखांहून जास्त चौकोन. एकेक चौकोन केसाच्या जाडीएवढा. त्यालाच पिक्सेल म्हणायचं. विद्युतभार असलेला कण त्यातून आरपार गेला की वाटेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सिलिकॉनला दिलेला व्होल्टेज त्यांना एका बाजूला ओढून घेतो आणि तिथे चिकटवलेली चिप नोंद करते की अमुक रकाना, अमुक ओळ, अमुक वेळ. चिपसकट अशा एका तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. अशी चार-पाच मॉड्यूलं एकामागे एक उभी केली की कण कुठून आला आणि कुठे गेला ते कळतं. पूर्वी हे संवेदक फक्त मोठमोठ्या प्रवेगकांत, म्हणजे कण पळवणाऱ्या यंत्रांत, त्यांच्या टकरी बघायला वापरत. आमच्या लोकांनी ते दवाखान्यात आणले.

दवाखान्यात कशाला, तर प्रोटॉनसाठी. प्रोटॉनचा एक गुण आहे. शरीरात शिरताना तो वाटेत फारशी मोडतोड करत नाही. जिथे थांबतो तिथे मात्र आपली बहुतेक ऊर्जा टाकून मोकळा होतो. त्याला गाठीत थांबवलं की गाठ जळते. अडचण एवढीच, की तो नेमका कुठे थांबेल हे वाटेत हाड किती, मांस किती, आज नाक चोंदलंय का यावर ठरतं. त्यामुळे चार-पाच मिलीमीटर इकडेतिकडे होणार हे धरून चालावं लागे आणि गाठ एखाद्या नाजूक नसेजवळ असली की डॉक्टर हात आखडता घेत. आमच्या मॉड्यूलांनी तो घोळ मिटवला. रोज उपचाराआधी थोडे वेगवान प्रोटॉन डोक्यातून आरपार सोडायचे. पलीकडे आमची मॉड्यूलं प्रत्येकाची वाट आणि उरलेला जोर टिपतात. त्यावरून यंत्र त्या दिवसापुरती खोली ठरवतं. पाच मिलीमीटरची चूक एकावर आली. ज्या गाठींना कुणी हात लावत नव्हतं, त्यांच्यावर उपचार होऊ लागले. शिवाय उपचाराच्या वेळीसुद्धा एकूण एक प्रोटॉनची नोंद राहते, कायमची. या नोंदीचं आम्हाला फार कौतुक होतं.

आता यात माझं काम कोणतं? प्रत्येक मॉड्यूलमध्ये काही पिक्सेल बिघडलेले निघतात. कणाचा पत्ता नसताना ते ‘गेला, गेला’ म्हणून ओरडत बसतात. आमच्याकडे त्यांना बडबडे म्हणतात. मॉड्यूल अंधाऱ्या पेटीत ठेवायचं, व्होल्टेज द्यायचा, तासभर गरम होऊ द्यायचं आणि जे बोलतील त्यांची नावं यादीत घालायची. यादीतले पिक्सेल कायमचे बंद करायचे. खोटं बोलणाऱ्यापेक्षा मुका बरा, असा सरळ हिशेब. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पिक्सेल बंद असतील तर मॉड्यूल पास. ही यादी बारा वर्षं मीच करते आहे.

त्या मंगळवारी मी सत्तेचाळीस नंबर पेटीत ठेवलं, त्याची जुनी यादी लावली आणि चहा घ्यायला गेले. परत आले तर पडद्यावर डाव्या बाजूला तिळाएवढा एक डाग बडबडत होता. बाराशेच्या आसपास पिक्सेल एकदम. आणि उजव्या बाजूला, आरशात दिसावा तसा अगदी त्याच उंचीवर, त्याच आकाराचा दुसरा डाग होता. तो काळा होता. म्हणजे बंद होता.

धडधाकट पिक्सेल बंद केले होते आणि बिघडलेले मोकळे सोडले होते.

हे कसं झालं ते कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. चिप सिलिकॉनवर पालथी बसवतात. त्यामुळे चिपचा पहिला रकाना वरून बघणाऱ्याला शेवटचा दिसतो. मी यादी करते ती वरून बघून आणि यंत्र वाचतं ते चिपच्या बाजूने. म्हणून पाठवण्याआधी यादीतले रकाने उलटवावे लागत. दहा वर्षं मी ते हाताने करत होते. आमचे प्रमुख बेहेरे सर. त्यांच्यामागे दोन वर्षं माझा लकडा होता, की हे प्रोग्राममध्येच घाला, कधीतरी कुणीतरी विसरेल. शेवटी जुलै २०४० मध्ये त्यांनी ते घातलं आणि मला मेल केली. मी उत्तर दिलं, ‘थँक्यू सर, सुटले एकदाची!’ मी ती मेल त्या दिवशी पुन्हा काढून बघितली. उद्गारचिन्हसुद्धा आहे.

त्या मेलच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले आणि रकाने हाताने उलटवले. सवयीने. मग प्रोग्रामने ते परत उलटवले. विसरेल कुणीतरी अशी मला भीती होती, आणि मी न विसरता काम केल्यामुळे घोटाळा झाला.

सत्तेचाळीस नंबर कुठे होतं हे बघायला नोंदवही उघडायची गरज नव्हती. कऱ्हाडच्या बाजूला एक प्रोटॉन केंद्र आहे, तिथे ते ऑगस्ट २०४० मध्ये बसवलं. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझी बहीण त्या यंत्राखाली तीस वेळा झोपली.

माझी बहीण तृप्ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणते. अक्का एसटीची ड्रायव्हर, वाई आगाराची. वाई ते महाबळेश्वर, दिवसातून तीन फेऱ्या, पसरणीचा घाट तिला तोंडपाठ. घाटात समोरून येणाऱ्या टुरिस्ट गाड्यांना ती ज्या शब्दांत वाट करून द्यायला लावायची ते इथे लिहिता येणार नाहीत. तिचा नवरा दीपक, माझे दाजी, तिच्याच गाडीवर कंडक्टर होते. लग्न त्यातूनच जमलं. चाळिसाव्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं आणि मग कवटीच्या तळाशी, डाव्या डोळ्याच्या नसेला खेटून गाठ निघाली. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात जोडले असते. आता तसं करायची गरज नव्हती, कारण आता आमची मॉड्यूलं होती.

तिच्याबरोबर मी चार-पाचदा गेले. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, “आत जे मशीन हाय ना, त्याचा डोळा माझ्या बहिणीनं केलाय. ही बघा, ही.” बायका माझ्याकडे देवळात बघावं तसं बघायच्या. मी म्हणायचे, “अक्का, गप्प बस की.” ती म्हणायची, “गप्प कशाला? माझ्या बापानं तुला शिकवलं ते काय गप्प बसायला?”

गाठ गेली. आठ महिन्यांनी डाव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं आणि तीन आठवड्यांत दिसायचं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, शंभरात एखाद्याचं होतं असं, सही घेताना सांगितलं होतं. एका डोळ्यावर एसटी चालवायला देत नाहीत. अक्काला चौकशीच्या खिडकीत बसवलं. पहिला महिनाभर ती घरी कुणाशी बोलत नव्हती. नंतर एके दिवशी आपणहून म्हणाली, “जाऊ दे. जीव ठेवला आणि डोळा नेला, देवानं मांडवली केली. नशिबात होतं.” तेव्हापासून ती पुन्हा जेवायला लागली, लोकांना शिव्या द्यायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो. नशिबाला मी काही मानत नाही, पण त्या शब्दाने माझ्या बहिणीला उठून बसवलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डाग गरम झाल्यावरच बडबडायचा, आणि अक्काची वेळ नेहमी सकाळची चौथी असायची. तोवर यंत्र दोन तास चाललेलं असे. डाग ओरडायचा ते ‘कण गेला, पण अगदी दमून गेला’ असं. यंत्राला वाटायचं वाटेत हाड जास्त आहे, म्हणून ते त्या जागी प्रोटॉन तीन मिलीमीटर खोल पाठवायचं. तीन मिलीमीटरवर नस होती.

मी जुन्या नोंदी मागवल्या आणि गणित लावलं. दुपारी एकपर्यंत आकडा आला. तीस दिवसांत अक्काच्या नसेत जाऊन थांबलेले प्रोटॉन दोन हजार कोटी. मग मी डबा उघडून जेवले. भेंडीची भाजी होती. सगळी संपवली आणि डबा घासून ठेवला. मला काही म्हणता काही वाटत नव्हतं. आपल्याला काही वाटत नाहीये हे कळत होतं आणि त्याचीही फारशी काळजी वाटत नव्हती.

त्यानंतर बेहेरे सरांच्या खोलीत गेले.

“सर, सत्तेचाळीसची यादी उलटी आहे.”

“उलटी कशी असेल? प्रोग्राम आता आपोआप उलटवतो.”

“मी पण उलटवली. हाताने.”

सरांनी चष्मा काढला. त्यांना फेब्रुवारीत निवृत्त व्हायचं होतं. “म्हणजे दोनदा,” ते म्हणाले.

“दोनदा.”

“त्या मेलनंतरच्या सगळ्यांची?”

“एकोणीस मॉड्यूलं. सतरांमध्ये बडबडे चार-दोनच आहेत, विखुरलेले. त्यांनी काही बिघडत नाही. सत्तेचाळीसवर कापताना ओरखडा आला होता. आणि बावन्नवर. दोन्ही सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेजारी-शेजारी कापलेली, ओरखडा सलग गेलाय.”

“बावन्न कुठे आहे?”

“नाशिकच्या बाजूला. चालू आहे.”

सर उठले आणि दार लावून आले. “अगं, बस ना. हे बघ, आज सुधारित प्रोग्राम पाठवू. शुक्रवारपर्यंत सगळीकडे बसेल. कारणाच्या जागी ‘किरकोळ सुधारणा’ लिहिता येतं. खोटं नाही ते.”

“बावन्नवर उद्या अकरा वाजता रुग्ण आहे, सर. डोळ्यामागची गाठ. अकरा वेळा झालंय, उद्या बारावी.”

मॉड्यूलांचं वेळापत्रक आमच्या पडद्यावर दिसतं. नाव दिसत नाही, वय दिसत नाही. गाठीची जागा आणि कितवी वेळ एवढंच दिसतं.

“मग मी फोन करतो. व्होल्टेज हलतोय म्हणून सांगतो. दोन दिवस थांबतील.”

“आणि झालेल्या अकरांचं? खोली चुकली होती हे डॉक्टरांना कळलं तरच उरलेल्या एकोणीस वेळांत ते भरून काढतील. नाहीतर यादी सुधारूनही नस जाऊ शकते.”

पुढचं आम्हा दोघांनाही पाठ होतं. खरं कारण कळवलं की लाल नोंद होते. लाल नोंद झाली की दोन्ही मॉड्यूलांखाली गेलेल्या प्रत्येकाच्या नोंदी उघडतात, ज्यांचं नुकसान झालं त्यांना अठ्ठेचाळीस तासांत पत्र जातं. कुणाची चूक, किती मिलीमीटर, सगळं त्यात असतं. सत्तेचाळीसखाली डोक्याच्या गाठीचं त्या जागेचं एकच माणूस होतं. बाकीच्यांच्या गाठी दुसरीकडे, डागाच्या वाटेत नसलेल्या.

“बहिणीचा डोळा…” सर म्हणाले आणि थांबले. अक्काला ते ओळखत होते. उपचार संपल्यावर ती कंदी पेढे घेऊन आली होती. “त्यांनी आता मान्य केलंय ना?”

“हो.”

“पूर्वी असं काही झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं गं. डॉक्टरांना नाही, तुला नाही, मला नाही. लोक नशीब म्हणायचे आणि जगायचे. आपणच हे मोजायला शिकलो.” त्यांनी चष्मा पुसला, पण घातला नाही. “मी तुला कळव म्हणत नाही आणि नको कळवू असंही म्हणत नाही. मला जमायचं नाही सांगायला.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. बिचारे खरं बोलत होते. मी म्हटलं, “फोन मी करते, सर. यादी माझी आहे.”

नाशिकच्या केंद्रावर डॉ. नसरीन मुकादम होत्या. मी नाव सांगितलं, मॉड्यूलचा नंबर सांगितला, काय झालंय ते तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. “किती?” एवढंच विचारलं.

“तीन मिलीमीटर.”

“जास्त की कमी?”

“जास्त. खोल.”

पलीकडे कळफलकाचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला लावून उभी होते. समोरच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते कुणी काढलं नव्हतं.

“अकरा वेळांचं भरून काढता येईल,” त्या म्हणाल्या. “अजून पाच झाल्या असत्या तर नाही. उद्याची बंद करते. नवी यादी केव्हा देताय?”

“आज सहापर्यंत.”

“या वेळी कोण करणार?”

“मीच. आणि बेहेरे सर माझ्या शेजारी बसून तपासतील.”

“ठीक.” मग त्या म्हणाल्या, “लाल नोंद मला करावीच लागेल, मॅडम. तुम्हाला माहीत आहे ना, पुढे काय होतं?”

“माहीत आहे.”

“दुसऱ्या मॉड्यूलखाली कुणी होतं?”

“एक जण,” मी म्हटलं.

सहाच्या आत यादी दिली. सर शेजारी बसून एकेक रकाना बोटाने तपासत होते, शाळेतल्यासारखे. घरी जाताना मी दही घेतलं. रात्री झोपही लागली, चांगली सात तास.

बुधवारी सकाळच्या गाडीने वाईला गेले. पत्र गुरुवारी पोचलं असतं, त्याआधी मला पोचायचं होतं. सुरूरच्या फाट्यापर्यंत कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. फाट्यानंतर तेही सोडून दिलं.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत अक्का बसली होती. एका म्हाताऱ्याला ती जोरजोरात समजावत होती, की जोर गावाची गाडी दीडला आहे, बाराला नाही, आणि बाराची मागून मिळणार नाही. मान पूर्ण वळवून तिने मला पाहिलं. “आँ? आज कशी काय? सुट्टी हाय?”

“नाही. तुझ्याकडेच आले.”

“मग थांब दहा मिनटं. जेवायला जाऊ. आज दाजींनी पिठलं टाकलंय, तुझं नशीब थोर.”

त्यांचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर, मधल्या आळीत. दाजी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. लग्नापासून भाकऱ्या त्यांच्याकडेच, अक्काच्या भाकरीला ती स्वतःच टायर म्हणते. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो. मी पाणीही प्यायले नाही आणि सांगायला लागले. मॉड्यूल, यादी, पालथी चिप, सरांची मेल, दोनदा उलटवलेले रकाने, तीन मिलीमीटर. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला.

“परत सांग,” अक्का म्हणाली. “हातानं उलटं करायची सवय होती. आणि मशीन पण करायला लागलं होतं.”

“हो.”

“म्हणजे नव्या गाडीवर जुन्या गाडीचा हात गेला.”

“हो, अक्का.”

“होतं असं,” ती म्हणाली. “आमच्यात पण होतं. बॅटरीच्या गाड्या आल्या तेव्हा मी महिनाभर क्लच शोधायची पायानं. नशीब, दरीत नाही गेली.” हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, संपलं, माफ केलं हिने.

“काल कळलं तुला?”

“काल सकाळी.”

“मग मला कशाला सांगायला आलीस?”

“पत्र येणार आहे उद्या. त्याआधी…”

“पत्र कशानं येणार हाय?”

“मी कळवलं म्हणून.”

“न कळवतीस तर?”

“तर नाशिकला एक रुग्ण आहे. तुझ्यासारखीच गाठ. त्याचाही डोळा गेला असता.”

“कोण हाय तो?”

“माहीत नाही.”

“बाई का पुरुष?”

“ते पण माहीत नाही. आम्हाला दिसत नाही.”

“राहील त्याचा डोळा?”

“बहुतेक राहील. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर कळलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. मग तिने उंबऱ्याकडे बघितलं. “तुमच्यात सगळं मोजतात ना? मागं तू म्हणाली होतीस. माझ्या नसंत किती गेले?”

मी सांगायला नको होतं. पण तिला खोटं सांगायचं माझ्याच्याने होईना. “दोन हजार कोटी.”

“आकडा पण हाय म्हणजे.” ती हसली, म्हणजे तोंड तसं झालं. “केतके, माझ्याजवळ एवढं एकच होतं बघ. नशीब म्हणायचं आणि खिडकीत जाऊन बसायचं. कुणाचा राग नाही, कुणाचं काही नाही. गाडी गेली, ते पण त्याच्यावरच सोडून दिलं. आता काय म्हणू मी? उद्या खिडकीत बसून काय म्हणू?”

“माझं नाव घे,” मी म्हटलं.

“तेच तर,” ती म्हणाली. “तुझं नाव घेऊ व्हय मी?”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते नाटक झालं असतं आणि तिला नाटक आवडत नाही. मी तशीच बसून राहिले.

दाजी ताटं घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, डोळे लाल होते. डोळा गेल्यापासून या घरात सगळे अक्काच्या उजव्या हाताला बसतात, म्हणजे तिला मान वळवावी लागत नाही. पाहुणा असो, कुणी असो, दाजी त्याचं ताट न बोलता उजवीकडे मांडतात. माझं ताटही त्यांनी तिथेच मांडलं. अक्का उठली, तिने स्वतःचं ताट उचललं, आमच्या ताटांना वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथे बसली. मी तिच्या डावीकडे राहिले.

दाजींनी माझं ताट पुन्हा हलवायला हात घातला.

“राहू दे तिथंच,” अक्का म्हणाली.

आम्ही जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं. अक्का दाजींशी बोलली, की मेढ्याची गाडी आज पण उशिरा सुटली आणि साहेबांना सांगून काही उपयोग नाही. माझ्याकडे तिची गेलेली बाजू होती. जेवण होईपर्यंत मी तिला दिसले नाही. पिठल्यात मीठ थोडं कमी होतं. मी “मीठ” म्हटलं, कुणाला म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. अक्काने समोरची मिठाची वाटी उचलली आणि मान न वळवता डावीकडे पुढे केली. वाटी माझ्या हातापासून वीतभर पलीकडे, मोकळ्या जागेत थांबली. ती तशीच धरून बसली होती. मी हात लांब केला आणि घेतली.